ज्याला कुणी शिवीही देत नाही

उत्तर व्हिएतनाममध्ये, लाल नदीच्या खोऱ्यातल्या खेड्यांत, कोंबडी चोरीला गेली की घरातली बाई शिव्या द्यायला उभी राहायची. संध्याकाळी कोंबड्या खुराड्याकडे परतल्या, मोजल्या, एक कमी भरली. तळ्याकाठी, बांबूच्या बेटात हाका मारून झाल्या. हे काम रानमांजराचं नाही, माणसाचं आहे, अशी एकदा खात्री पटली की ती अंगणाच्या कडेला नाहीतर गल्लीच्या तोंडाशी यायची आणि सुरुवात करायची. या प्रकाराला तिथे नावच आहे, ‘चुई मात गा’, म्हणजे कोंबडी गेल्याच्या शिव्या.

रागाच्या भरात तोंडाला येईल ते बरळणं नव्हे हे. त्याला ठेका होता, यमक होतं, चढउतार होते. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना साद, की वरच्या आळीच्यांनी ऐका, खालच्या आळीच्यांनी ऐका. मग कोंबडीचं कौतुक. मग चोराच्या बापाकडच्या पिढ्या, आईकडच्या पिढ्या, त्यानंतर त्याची पोरंबाळं. माझ्या दारातली ही साधी कोंबडी चोराच्या घरात शिरली की त्याच्या घरादाराच्या मुळावर उठणारं भूत होईल, अशा अर्थाचा शाप तर हमखास. दम लागला की बाईने घोटभर पाणी प्यायचं, पान लावायचं आणि जिथे थांबली होती तिथून पुन्हा पुढे जायचं. ज्या बाईच्या शिव्या चांगल्या जुळून यायच्या तिचं गावात नाव व्हायचं, आणि लोक कान देऊन ऐकायचे.

नाव मात्र ती कुणाचं घ्यायची नाही. संशय असायचा, कधी कधी खात्रीही असायची, तरी नाही. चोर आपल्या घरात बसून सगळं ऐकायचा आणि त्याला तोंड उघडता यायचं नाही, कारण उलट बोलला की तोच चोर ठरला. मला या रिवाजातली ही गोष्ट फार विचार करायला लावते. पाटलाकडे जावं तर न्यायाच्या नादात कोंबडीपेक्षा जास्त खर्च. राजाचा कायदा गावाच्या रिवाजापुढे हरतो, अशी व्हिएतनामी म्हणच आहे. पण गावाचा रिवाजही चालवायचा तो पुरुषांनी, गावच्या देवळात बसून. तिथे बाईला जागा नव्हती. तिच्याजवळ होता तो आवाज. त्या आवाजावर ती साऱ्या गावाला साक्षीला उभं करायची आणि चोराला त्याच्याच घरात कोंडून ठेवायची.

आणि कोंबडी ही तिथे नुसती कोंबडी नव्हती. घरातल्या मृत माणसाची तिथी आली, नवं वर्ष आलं, की उकडलेली अख्खी कोंबडी पूर्वजांच्या वेदीपुढे ठेवायची असते. ही वेदी व्हिएतनामी घरातली सर्वांत मानाची जागा. तिथे उदबत्ती लावतात, फळं ठेवतात, घरात काही मोठं घडलं तर आधी तिथे जाऊन सांगतात. म्हणजे चोराने नेली ती कदाचित आजेसासऱ्याच्या तिथीसाठी वाढवलेली कोंबडी. तिच्या पूर्वजांच्या ताटातलं गेलं; मग तिने चोराच्या पूर्वजांना हाक मारली, तर त्यात मला एक सरळ हिशोब दिसतो.

व्हिएतनामी शिव्यांचा मोठा भाग असा वरच्या पिढ्यांकडे जातो. आईवरची शिवी तिथेही सर्रास आहे, उत्तरेत एका शब्दाने आणि दक्षिणेत दुसऱ्या; तो प्रकार जगभर सारखाच, त्याबद्दल अधिक लिहावं असं काही नाही. पण बाप, आजा, तीन पिढ्या, अख्खं कूळ, कुळाची थडगी, यांच्यावरून दिलेल्या शिव्या मात्र खास तिथल्या मातीतल्या. एखाद्या कसबाच्या आद्य गुरूला ‘तिएन सू’ म्हणतात. कारागिरांची गावं आपापल्या आद्य गुरूची पूजा करतात. उत्तरेतल्या एका जुन्या शिवीची सुरुवात नेमकी याच शब्दाने होते. जे सर्वांत पूज्य, तेच शिवीत ओढलं जातं. ज्याची पूजाच नाही, त्याच्यावर घाव घालून समोरच्याला काय दुखणार?

थडग्यांचं तर विचारूच नये. उत्तर व्हिएतनाममध्ये माणसाला पुरल्यावर साधारण तीन वर्षांनी थडगं उघडतात. पहाटेपूर्वी, अंधारातच, घरची माणसं हाडं बाहेर काढतात, सुगंधी पाण्याने एकेक हाड धुतात, मातीच्या छोट्या पेटीत डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने लावतात आणि कायमच्या जागी पुन्हा पुरतात. आईचं हाड स्वतःच्या हाताने धुतलेल्या मुलाला कुणी तिच्या थडग्यावरून बोललं, तर ते त्याला किती लागेल, हे समजायला ती भाषा यावी लागत नाही.

जे शिवीत बोललं जातं ते इतिहासात एकदा प्रत्यक्ष केलं गेलं. १७८९ च्या नववर्षात चिनी फौजेचा हनोईजवळ पराभव करणारा ताय सन घराण्याचा राजा क्वांग त्रुंग १७९२ मध्ये वारला. दहा वर्षांनी त्याच्या घराण्याचा पाडाव करून गादीवर आलेल्या जा लाँग या राजाने त्याचं थडगं उकरलं, हाडांचा चुरा करून उधळला आणि कवटी कैदेत टाकली. ताय सनवाल्यांनी आमच्या पूर्वजांची थडगी आधी उद्ध्वस्त केली होती, हे त्याचं समर्थन. जिवंत वारसांना मारून त्याचं समाधान झालं नाही. मेलेल्याचाही अपमान करता येतो, आणि तो जिवंतांच्या देखत करायचा असतो, अशी त्याची ठाम समजूत होती.

पण या भाषेतला अपमान शिवीची वाट पाहत नाही. तो त्याच्या आधीच, साध्या ‘मी’ आणि ‘तू’ मध्ये सुरू होतो.

व्हिएतनामी माणूस बोलताना स्वतःला आणि समोरच्याला नात्याचे शब्द लावतो. फळवालीला थोरली बहीण किंवा आत्या, रिक्षावाल्याला थोरला भाऊ किंवा काका, म्हाताऱ्याला आजोबा; आणि स्वतःला त्या त्या हिशोबाने धाकटा भाऊ, पुतण्या, नातू. हो ची मिन्ह यांना सारा देश ‘बाक हो’ म्हणतो. ‘बाक’ म्हणजे आईवडिलांपेक्षा वडील असलेला काका. नवराबायकोत तो ‘आन्’, थोरला भाऊ, आणि ती ‘एम’, धाकटं भावंड. आपल्या कानांना हे विचित्र वाटेल, तिथे ते प्रेमाचं बोलणं आहे. अनोळखी माणूस भेटला की आधी त्याचं वय विचारतात ते चौकशी म्हणून नव्हे. वय कळल्याशिवाय वाक्यच सुरू करता येत नाही.

या नात्यांच्या जाळ्याबाहेर दोन शब्द उभे आहेत, ‘ताओ’ आणि ‘मै’. अगदी उघडावाघडा मी, अगदी उघडावाघडा तू. शाळेपासूनचे दोस्त आयुष्यभर एकमेकांशी याच शब्दांत बोलतात आणि त्यात त्यांना ऊब वाटते. हेच शब्द वडीलधाऱ्याला लावले, तर पुढचं वाक्य कितीही सभ्य असो, अपमान होऊन गेलेला असतो.

घरातलं भांडण कुठवर आलं आहे ते शेजाऱ्याला भिंतीपलीकडून यावरून कळतं. आवाज चढलेला असला तरी ‘आन्’ आणि ‘एम’ चालू आहे तोवर काळजी नाही. मग ती स्वतःला ‘एम’ म्हणायचं सोडून ‘तोइ’ म्हणते. ‘तोइ’ हा कोरडा, सभेत किंवा अर्जात शोभणारा ‘मी’. तो ऐकला की नवऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण बायकोने घरातल्या घरात अंतर टाकलेलं असतं. तोही तिला परक्या बाईसाठीचा शब्द लावतो. आणि एखाद्या वाईट रात्री ‘ताओ-मै’ वर गाडी येते. सकाळी कोण आधी जुन्या शब्दावर परततं, यावर त्या घराचं बरंच काही अवलंबून असतं. माफी मागायला वेगळं वाक्य लागत नाही. ‘एम, जेवलीस का?’ एवढं पुरतं.

माणसाच्या नावाआधी लावायचे शब्दही असेच. पोरगा असेल तर त्याला ‘थांग’ लावतात. आईने लावला तर लाडाचा, पण मोठ्या पुरुषाला लावला की सरळ तिरस्कार. बाईच्या नावाआधी तिरस्काराने ‘कॉन’ येतो, आणि कुत्रं, डुक्कर, कोंबडी यांच्या नावांपुढेही हाच शब्द येतो. ‘कॉन’चाच दुसरा अर्थ लेकरू. त्यामुळे कोण कुणाला, कोणत्या सुरात म्हणतं आहे, हे पाहिल्याशिवाय काहीच ठरत नाही.

लाडातही ही भाषा अशीच वागते. गोंडस बाळ पाहिल्यावर जुन्या वळणाची म्हातारी ‘काय मेलं द्वाड दिसतंय’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणते, कारण उघड कौतुक भुताखेतांच्या कानावर गेलं तर ती मूल उचलून नेतील. खेड्यात मुलांची घरगुती नावंही मुद्दाम ओंगळ ठेवत. आपल्याकडे आधीची मुलं दगावल्यावर झालेल्या मुलाचं नाव दगडू, धोंडू ठेवत, त्यामागची माया हीच. मूल जगावं म्हणून त्याला शिवी द्यायची. शिव्यांबद्दल विचार करताना हा कोपरा विसरला तर विचार अपुरा राहतो.

हनोईत हल्ली पर्यटकांना कुतूहलाने दाखवतात ती खाणावळ, जिथे मालकीण गिऱ्हाइकाला शेवयांच्या वाडग्याबरोबर दोन शिव्याही वाढते. अशा जागांना तिथे ‘बुन मांग, चाओ चुई’ म्हणतात; शेवयांबरोबर खडसावणं, पेजेबरोबर शिव्या. सरकारी रेशनच्या काळात, १९८६ च्या आर्थिक सुधारणांपूर्वी, दुकानातल्या विक्रेत्याच्या हाती सगळं होतं आणि रांगेतल्या माणसाच्या हाती काही नव्हतं. हा तोरा तेव्हापासूनचा, असं अनेक हनोईकर मानतात. मला यात गंमत दिसत नाही. पैसे देऊन अपमान विकत घ्यायची सवय ज्या रांगेने लावली, ती रांग मला दिसत राहते.

त्यापेक्षा एका म्हणीकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. बापाला शिवी दिलेली परवडली, पण कुणाच्या बोलीची नक्कल करू नये, अशा अर्थाची ती म्हण आहे. न्गे आन, हा तिन्ह, क्वांग नाम या मध्य व्हिएतनाममधल्या भागांची बोली जड, वेगळ्या हेलाची. तिथली गरीब घरची पोरं शिकायला, मजुरीला हनोई किंवा सायगावला जातात आणि तोंड उघडलं की लोक हसतात. पूर्वजांना इतकं मानणाऱ्या समाजाने बापाच्या शिवीपेक्षाही हे हसणं जास्त लागतं असं म्हणून ठेवावं, याला फार मोठी समज लागते. शिवीला शिवीने उत्तर देता येतं. आपल्याच उच्चारावर कुणी हसलं तर उत्तरही त्याच उच्चारात द्यावं लागतं.

शब्दांच्या या चौकटीचा राजकारणाने एकदा भयंकर उपयोग केला. १९५३ ते १९५६ या काळात उत्तर व्हिएतनाममध्ये जमीन सुधारणा राबवली गेली. गावोगाव मैदानात सभा भरत. जमीनदार ठरवलेल्या माणसाला गुडघ्यांवर बसवत आणि कुळांनी एकेकाने पुढे येऊन त्याच्यावर आरोप करायचे. बोलायचं ते ‘मै’ म्हणून, नावाआधी ‘थांग’ लावून. उलट त्या माणसाने कुळांना आजोबा-आजी म्हणायचं आणि स्वतःला ‘कॉन’, लेकरू. पिढ्यान्पिढ्या दबलेल्या माणसाला मालकाला एकदा तोंडावर ‘मै’ म्हणता आलं, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्या सभांत सुनेला सासऱ्याविरुद्ध, मुलाला बापाविरुद्ध उभं केलं गेलं, खोटे आरोप पढवले गेले, पुष्कळ निरपराध माणसं मारली गेली. क्रांतिकारकांना आपल्या घरात आसरा आणि पैसा देणारी न्गुएन थी नाम ही बाई त्यातल्या पहिल्या बळींपैकी. १९५६ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने चुका झाल्याचं जाहीर कबूल केलं, सरचिटणीस ट्रुओंग चिन्ह यांना पद सोडावं लागलं. ज्यांची जप्ती चुकीची ठरली त्यांच्यापैकी काहींना घर परत मिळालं. पण सगळ्या गावासमोर बापाला ‘मै’ म्हणून गेलेल्या मुलाने त्या रात्री घरी जाऊन त्याला काय म्हणून हाक मारली असेल?

लेखक नाम काओ यांनी हे पाहिलं नाही. ते १९५१ मध्येच फ्रेंचांच्या हातून मारले गेले. पण त्यांनी १९४१ मध्ये लिहिलेली ‘ची फेओ’ ही कथा व्हिएतनाममधलं शाळकरी पोरही ओळखतं, आणि ती कथा सुरू होते ती शिव्यांनीच.

ची फेओ नावाचा एक दारुडा वू दाइ गावातून शिव्या देत चालला आहे. तो आकाशाला शिवी देतो. आकाशाला काय त्याचं! तो आयुष्याला शिवी देतो. साऱ्या गावाला देतो, तर प्रत्येकजण मनात म्हणतो, मला सोडून बाकीच्यांना देत असेल. मग तो आपल्याला उलट शिवी न देणाऱ्यांना शिवी देतो. तरी कुणी बोलत नाही. शेवटी तो आपल्याला जन्म देणाऱ्या बाईला शिवी देतो, आणि ती कोण हे त्याला माहीत नाही, गावालाही माहीत नाही. पडक्या वीटभट्टीत टाकून दिलेलं ते पोर होतं.

कोंबडीवाल्या बाईच्या शिव्या सारं गाव ऐकायचं. याच्या शिव्या कुणीच ऐकत नाही. त्याला पूर्वज नाहीत, त्यामुळे त्याला लागेल अशी शिवीही कुणाजवळ नाही. एखाद्याने रागाने चार शब्द सुनावले असते, तरी गावाच्या हिशोबात तो माणूस म्हणून जमा झाला असता.

त्याला असा केला तो गावच्या बा किएन या धनाढ्य पुढाऱ्याने. ची फेओ विशीत त्याच्याकडे गडी होता, सरळ, लाजाळू. मत्सरापोटी बा किएनने त्याला तुरुंगात धाडलं. सात-आठ वर्षांनी तो परतला तो अंगावर नक्षी गोंदवून, दारू पिऊन, आणि थेट त्याच्या दारात जाऊन साऱ्या घराण्याला शिव्या देऊ लागला. शेजारी मनातून सुखावले. आजवर त्या वाड्यातल्या चार बायका लोकांना शिव्या देताना त्यांनी ऐकलं होतं, पहिल्यांदाच कुणीतरी वाड्याला शिव्या देत होतं. मालकाच्या मुलाने हात उगारला, ची फेओने बाटली फोडून स्वतःचाच चेहरा चिरला.

तेवढ्यात बा किएन आला. तो ची फेओवर ओरडला नाही. त्याने गर्दी पांगवली आणि जमिनीवर पडलेल्या त्या माणसाला ‘आन् ची’ म्हणून हाक मारली. थोरल्या भावाचा शब्द. आत चला, चहा घ्या म्हणाला. आमच्या मुलाचं आणि तुमचं लांबचं नातंही लागतं, असं म्हणाला. त्याने कोंबडी कापली, दारू मागवली, जाताना औषधपाण्याला म्हणून पैसे हातावर ठेवले. ज्याला उभ्या जन्मात कुणी नात्याने हाक मारली नव्हती, तो त्या एका शब्दावर विरघळला, आणि पुढे बा किएनच्या सांगण्यावरून दारूपायी लोकांची घरं उद्ध्वस्त करत सुटला. कथेतली सर्वांत विषारी गोष्ट मला हीच वाटते. वडीलकीचा, आपुलकीचा शब्द इतक्या थंडपणे वापरणारा माणूस कधी शिवी देत नाही. त्याला तिची गरज पडत नाही.

मग थी नो ही गावाने कुरूप म्हणून टाकलेली बाई आजारी ची फेओसाठी कांदापातीची गरम पेज करून आणते. त्याला आठवतं, बाईमाणसाने आपल्याला असं काही आपणहून कधी दिलंच नाही. पाच दिवस त्याला शिव्या सुचत नाहीत. तिची आत्या मोडता घालते, आणि तो सुरा घेऊन निघतो, आणि पाय त्याला बा किएनच्या दारात नेतात. पैशासाठी आला असेल असं समजून बा किएन पुन्हा ‘आन्’ म्हणूनच बोलतो. ची फेओ ‘ताओ’ म्हणतो. मला चांगला माणूस व्हायचं आहे, पण आता मला कोण होऊ देणार, असं विचारतो. चेहऱ्यावरचे हे व्रण कसे पुसायचे, असं विचारतो. हे बोलणं तो शुद्धीवर असल्यासारखं बोलतो. मग तो त्याला मारतो आणि स्वतःचा गळा चिरतो.

गावात चर्चा होते. काही मनातल्या मनात खूश होतात, काही उघड. आकाशाला डोळे आहेत, असं कुणी आडून म्हणतं. आणि एकजण सरळ बोलून टाकतो, की हे दोघे मेल्याचं कुणाला दुःख नाही. तो दोघांसाठी एकच शब्द वापरतो, ‘थांग’. बा किएन जिवंत असता तर त्या माणसाने त्याला ‘कु’, म्हणजे पणजोबांच्या मानाचा शब्द लावला असता, आणि ची फेओला त्याने बहुधा कुठल्याच शब्दाने हाक मारली नसती.